मिशीवाला राघू

त्या घरात सर्व्हरला रोज कुंकू लागायचं आणि आक्काला रोज बोल.

सर्व्हर म्हणजे चपलांच्या खोक्याएवढी काळी पेटी. ती देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात बसवली होती, कारण मांजर जात नाही अशी घरात तेवढीच एक जागा होती. खंडेनवमीला तिच्या गळ्यात झेंडूची माळ पडली आणि दिवाळी उलटून गेली तरी ती उतरली नाही. आतला पंखा पाकळ्या गिळून घरघरत होता. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आधी माळ काढली आणि मग स्वतःची ओळख सांगितली, त्यामुळे सुरुवातच जरा वाकडी झाली.

"म्याडम, माळ भुईवर टाकू नका," घरातले थोरले, म्हणजे अण्णा, म्हणाले. "आणि तुमचे साहेब कधी येणार?"

"साहेब मीच."

"व्हय का?" म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावरून दाराकडे बघितलं. कुणीतरी पँटवाला मागून येईल अशी त्यांना शेवटपर्यंत आशा होती.

मला या नजरेची सवय आहे. मी सदलग्याच्या पुढच्या एका खेड्यातली, ऊस आणि तंबाखू लावणाऱ्या घरातली. शाळा चिकोडीला, कॉलेज कोल्हापूरला, आणि आता बेळगावात भाड्याच्या खोलीत राहून लोकांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून देते. आई पाहुण्यांना सांगते, "ती वायरीचं काम करत्या." पाहुणे मला घरातला फ्यूज बघायला लावतात. निपाणीच्या एका तंबाखूच्या गोदामात तर मी दिवसभर शिंकत नेटवर्क बसवलं आणि मालकाने शेवटी सगळ्यांसमोर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या टेम्पोवाल्याचे आभार मानले. त्यामुळे अण्णांचं मी मनाला लावून घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण दाखवलं नाही.

हे घर बेळगावच्याच वडगावातलं, विणकरांचं. खाली यंत्रमाग, वर माणसं. खालच्या खडखडाटात वरची माणसं जन्मली, वाढली, म्हणून त्यांच्यात हळू बोलणारं कुणी नाही. अण्णा थोरले भाऊ, ते गिऱ्हाईक आणि सूत बघतात. आप्पा धाकटे, ते माग बघतात. आणि या दोघांपेक्षा मोठी त्यांची बहीण, आक्का. आक्कांनी लग्न का केलं नाही हे विचारायची माझी हिंमत झाली नाही आणि त्यांना सांगायची गरज वाटली नाही. त्या घराची नक्षी काढायच्या. साडीचा काठ, पदर, बुट्टी, सगळं त्यांच्या हातचं. आधी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने, आणि पन्नाशी ओलांडल्यावर कॉम्प्युटरवर. माऊस त्या अशा धरतात की आता तो दळण दळून देईल असं वाटतं.

व्यवस्था सोपी होती. आक्कांचा कॉम्प्युटर वर, खिडकीपाशी. दुसरा खाली, मागांच्या कडेला, आप्पांच्या ताब्यात. नक्षीच्या फायली त्या काळ्या पेटीत, म्हणजे सर्व्हरवर. आक्कांनी वर नक्षी काढून पेटीत ठेवायची, खालच्या कॉम्प्युटरने ती तिथून वाचून मागाला द्यायची, मागाने विणायचं.

आणि गेले काही महिने माग आक्कांचं ऐकत नव्हता.

बाजारातल्या एका साडीच्या दुकानाने काठावर मागं वळून बघणारा राघू मागितला होता. आक्कांचा नेहमीचा राघू सरळ पुढे बघतो. त्यांनी मान वळवली, फाईल सेव्ह केली, आणि खाली साड्या उतरल्या त्या सरळ मानेच्या. दुकानदाराने परत पाठवल्या. पुन्हा वळवली. एखाद्या साडीत वळलेली उतरली, पुढच्या साडीत परत सरळ. कधी कॉम्प्युटर अडकून नव्याने सुरू करावा लागला की आक्कांच्या स्वतःच्याच पडद्यावर जुना राघू बसलेला असायचा. घरात एकच निष्कर्ष निघाला होता.

"वय झालं," अण्णा मला म्हणाले. "करायचं म्हणत्या आणि इसरत्या. मग म्हणत्या, केलतं."

आक्का तिथेच, हाताच्या अंतरावर होत्या. त्या माऊसखालचा कपडा सरळ करत राहिल्या.

मग अण्णा जिन्याच्या तोंडाशी गेले आणि आप्पांशी कन्नडमध्ये बोलायला लागले. त्या घराची रीत अशी की भांडण मराठीत आणि गुपित कन्नडमध्ये. मी कोल्हापूरला शिकले एवढंच त्यांनी ऐकलं होतं. बेळगावात राहून समोरच्या माणसाला कन्नड येत नाही असं धरून चालणारा माणूस भाबडा म्हणायचा की उर्मट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. अण्णा सांगत होते, आईचं असंच सुरू झालं होतं. ही बाई काय ते बघून जाऊ दे, म्हणजे आपण मशीनसुद्धा तपासलं असं होईल. मग सुरतेहून तयार नक्ष्या आणू, आणि आक्काला सांगू, आता विश्रांती घे.

घरातल्या बाईला विश्रांती घे म्हणतात ते ती आजारी पडली की, नाहीतर तिची खुर्ची हवी असली की. आणि खरं सांगायचं तर आजारी पडल्यावर कुणी म्हणत नाही.

मला राग आला. मी तिथूनच ओरडले, "अण्णारी, चहा सक्करी कडिमि हाक्री!" चहात साखर कमी घाला, एवढंच. पण अण्णांचं तोंड बघण्यासारखं झालं. आप्पा खोकल्याचं सोंग घेऊन खाली पळाले.

चहा आक्कांनीच केला. माझ्या कपात साखर कमी, अण्णांच्या कपात इतकी की चमचा उभा राहावा. कप देताना त्या माझ्याशेजारी बसल्या आणि हळू बोलल्या, म्हणजे त्या घराच्या मानाने हळू.

"कन्नड मलाबी येतंय की गं," त्या म्हणाल्या. "त्येला वाटतंय, मागाच्या आवाजात मला ऐकू जात न्हाय."

मी कप खाली ठेवला.

"आमची आई शेवटी शेवटी मला विचारायची, बाई, तुम्ही कुणाच्या घरच्या? मी तिला भरवायची, न्हाऊ घालायची, आणि ती मला तुम्ही म्हणायची." त्यांनी पदराने टेबलाची नसलेली धूळ पुसली. "आता रोज सकाळी उठायच्या आधी आमच्या गल्लीतली घरं मनात म्हणून बघायची सवय लागल्या मला. या टोकापास्नं त्या टोकापर्यंत. एखादं घर चुकलं तर दिवसभर घास उतरत न्हाय. खुर्ची गेली तर जाऊ दे गं. पण मला चांगलं आठवतंय, मान मी वळवलीती. आणि आता वाटाय लागलंय, वळवली नसंलच."

एवढं बोलून त्या उठल्या आणि कप विसळायला घेऊन गेल्या. माझा अजून भरलेला होता, तोही.

मी पेटी उघडून बसले. मला त्यांच्या भावाशी भांडायचं होतं, पण भावाशी भांडून सर्व्हर दुरुस्त होत नाही.

फाईल लॉकिंग म्हणजे काय हे मी गिऱ्हाइकांना नेहमी संडासाच्या कडीवरून समजावते. सभ्य लोक नाकं मुरडतात, पण समजतं सगळ्यांना. एक फाईल, उघडणारे चारजण. आत कुणी आहे हे बाहेरच्याला कळावं म्हणून कडी. आता हीच रीत जरा सैल करून चालवता येते. सर्व्हर आत गेलेल्याला सांगतो, बाबा, तू एकटाच आहेस, निवांत बस, कुणी आलंच तर मी बाहेरून खाकरेन. मग आतला कॉम्प्युटर उठसूट सर्व्हरला विचारत बसत नाही. फाईलची एक प्रत आपल्याच हाताशी धरून ठेवतो, त्यातच वाचतो, त्यातच लिहितो, आणि काम भराभर होतं. याला आमच्यात क्लायंट कॅशिंग म्हणतात. खाकरणारा इमानी असेल तर यात वाईट काही नाही.

या पेटीत माझ्या आधी कुणा शहाण्याने अशी सेटिंग करून ठेवली होती की सर्व्हर येईल त्याला "तू एकटाच" असं सांगायचा आणि कधीही खाकरायचा नाही. वर कडीही काढून टाकली होती. म्हणजे आक्कांचा कॉम्प्युटर समजून चालला होता की फाईल आपल्या एकट्याची, आणि खालचाही तसंच. खालचा दर साडीला फाईल नव्याने वाचत होता, पण वाचत होता ती स्वतःच्याच हातातली जुनी प्रत. वर राघूने मान वळवली काय आणि उडून गेला काय, त्याला पत्ता नव्हता.

हे कळलं तरी एक कोडं राहिलंच. अशा चुकीच्या सेटिंगवर कितीतरी ऑफिसं मजेत चालतात. लोक संध्याकाळी फायली बंद करून घरी जातात, बंद केली की हातातली प्रत टाकली जाते, सकाळी ताजी मिळते. दिवसभराचा घोळ रात्रीत आपोआप मिटतो. मग इथेच महिनोन्महिने जुना राघू कसा काय ठाण मांडून बसला?

"आक्का, ती राघूची फाईल जरा बंद करता का?" मी म्हटलं. "मला सेटिंग बदलायची आहे."

आक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देव्हाऱ्यात चप्पल घालून गेले होते.

"साडी मागावर हाय," त्या म्हणाल्या.

"असू दे की. बंद करून लगेच उघडू."

"साडी मागावर असताना कागद मिटत न्हाईत, पोरी."

तेव्हा मला त्या घराची रीत कळली. नक्षी कागदावर असायची त्या काळी, साडी मागावर चढली की तिचा कागद मागाशेजारच्या भिंतीवर उघडा टांगायचा. साडी पुरी होऊन उतरेपर्यंत तो कुणी गुंडाळायचा नाही, घडी घालायची नाही. मिटला तर मागावरचा ताणा, म्हणजे उभं सूत, तुटतं अशी समजूत. अमावास्येला माग बंद ठेवतील, पण कागद उघडा. पुढे कागद गेला आणि कॉम्प्युटर आला, रीत मात्र तशीच जिना चढून वर आली. साडी उतरेपर्यंत फाईल बंद करायची नाही. वर आक्का करत नाहीत, खाली आप्पा करत नाहीत. एक साडी उतरायच्या आत दुसऱ्या मागावर त्याच नक्षीची चढलेली असते, त्यामुळे ती फाईल शेवटची कधी मिटली हे कुणालाच सांगता येईना. लाईट गेली तरी ती मिटू नये म्हणून यूपीएस त्यांनी माझ्या एका दवाखानेवाल्या गिऱ्हाइकापेक्षा भारी बसवला होता.

त्यात आणखी एक. दिवेलागणीला आप्पा खाली उदबत्ती लावायचे, मागांना हात जोडायचे, आणि उघड्या असलेल्या सगळ्या फायली एकदा सेव्ह करायचे. काही बदललेलं नसलं तरी. "शुभ असतंय," ते म्हणाले. म्हणजे दिवसभर आक्कांनी वळवलेली मान आप्पा रोज संध्याकाळी भक्तिभावाने सरळ करून ठेवत होते. आणि आक्काही वर दिवा लावून सेव्ह करायच्याच. ज्याची उदबत्ती उशिरा लागेल त्याचा राघू पेटीत टिकायचा. खाली आप्पांचा कॉम्प्युटर कधी अडकून नव्याने सुरू करावा लागला, तर त्या दिवशी आक्कांची मान मागावर उतरायची. मग खालचा प्रोग्रॅम अडकण्याआधीचा जपून ठेवलेला राघू परत उघडायचा, आप्पा संध्याकाळी तोच सेव्ह करायचे, आणि पुन्हा जैसे थे.

मी डोक्याला हात लावून हसले. मग आक्कांकडे बघितलं आणि हसू आवरलं, कारण त्यांना यातलं काहीच अजून माहीत नव्हतं.

नुसतं सांगून अण्णा ऐकणार नव्हते. शिकलेली बाई आपल्या बाजूने दोन शब्द बोलली, एवढंच आक्कांनाही वाटलं असतं. म्हणून मी आक्कांना म्हटलं, "राघूवर काहीतरी असं काढा की जे काढलेलं माणूस विसरूच शकणार नाही."

"म्हंजे कसलं?"

"काहीही. राघूला नसतं ते."

आक्का थोडा वेळ पडद्याकडे बघत बसल्या. मग माऊस दळणाला लागला. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, टोकं वर वळवून, राघूच्या चोचीवर त्यांनी झुबकेदार मिशा काढल्या. हुबेहूब अण्णांच्या. इतका वेळ दाबून ठेवलेलं काहीतरी त्या मिशांत उतरलं होतं. त्यांनी सेव्ह केलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या.

मी अण्णांना वर बोलावलं. त्यांनी राघू बघितला. हात नकळत स्वतःच्या मिशीकडे गेला.

"हे काय?"

"आक्कांनी आत्ता काढलं, माझ्यासमोर. सेव्ह केलंय. आता खाली जाऊन तीच फाईल बघा."

अण्णा गुडघे धरत खाली गेले. खाली आप्पांनी फाईल दाखवली. राघू तुळतुळीत, मान सरळ. अण्णा वर आले. राघू मिशीवाला. परत खाली गेले. परत वर आले, धापा टाकत, आणि मधल्या पायरीवर थांबून त्यांनी आधी वर बघितलं, मग खाली.

"जिन्यात दाढी करतोय व्हय हा राघू?"

"अण्णा," मी म्हटलं, "आक्का इसरत न्हाईत. खालचं मशीन जुनं सोडत न्हाय. आणि आप्पा रोज सांजच्याला तेच जुनं आक्कांच्या कामावर घालतात."

आप्पा खालून ओरडले, "मी काय केलं?"

मग मी कडी, खाकरणं, सगळं सांगितलं. अण्णांना ते चांगलंच समजलं, कारण त्या घरात माणसं भरपूर आणि संडास एक. ऐकून त्यांचा पारा चढला. "कडी कुणी काढली? कुणी ह्यो उपद्व्याप केला? सांगा नाव, मी बघतो त्येच्याकडं."

जिन्याखालून आप्पांचं डोकं वर आलं. "अण्णा, तूच की रं."

"मी?"

"फाईल दुसऱ्यानं उघडल्या अशी पडद्यावर पाटी यायची. तवा तूच त्या माणसाला बोलावलंतास. माझ्या घरात मला अडवणारं कोण म्हणालास. ती पाटी काढून टाक म्हणालास. वर म्हणालास, फायली जरा जोरात पळीव."

त्याने पाटी काढून टाकली होती आणि फायली जोरात पळवल्या होत्या. गिऱ्हाइकाने मागितलं ते दिलं, त्या बिचाऱ्याला तरी काय बोलणार? खाली माग खडखडत राहिले.

माझं लक्ष आक्कांकडे होतं. त्यांनी भावाकडे बघितलंच नाही. खुर्चीत बसून पडद्यावरच्या राघूकडे बघत होत्या.

"म्हंजे मी वळवलीती मान," त्या म्हणाल्या.

"व्हय, आक्का."

"सगळ्या बारीला? दर वेळी?"

"सगळ्या बारीला."

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि ढसाढसा रडल्या. मी पाठीवर हात ठेवला. मलाही रडू आलं, ते मी पेटीतली धूळ डोळ्यात गेली म्हणून खपवलं. अण्णा खिडकीतून समोरच्या घराच्या पत्र्याकडे फार बारकाईने बघत होते. त्या पत्र्यावर काहीही नव्हतं.

राघूची साडी त्याच दुपारी उतरली. दुसऱ्या मागावरची त्याच नक्षीची त्याआधीच उतरली होती, आणि आप्पांनी मोठ्या मनाने पुढची चढवायची थांबवली. तोवर आम्ही जेवलो. फाईल बंद करायला मुहूर्त लागतो असं मी गोदामात सांगितलं असतं तर मला हाकलून दिलं असतं. मग आप्पांनी खाली हात जोडून फाईल मिटली, आक्कांनी वर मिटली, आणि मी सेटिंग बदलली. खोटं बोलणं बंद. कडी परत जागेवर. आणि नक्षीच्या फोल्डरपुरतं कुणीही हाताशी प्रत धरून ठेवायची नाही, दर वेळी पेटीलाच विचारायचं. फायली उघडायला थोडा जास्त वेळ लागेल असं मी सांगितलं. आक्का म्हणाल्या, साडीलाबी लागतोच की.

आधी आक्कांनी वर फाईल उघडली. मग आप्पांनी खाली. तिथे पाटी आली, फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडी आहे, फक्त वाचता येईल.

"म्हंजे काय?" अण्णा जुन्या सवयीने उसळले. "मालक मी!"

"अण्णा, आत माणूस हाय," मी म्हटलं. "कडी लागल्या."

"खाकरून बघ हवं तर," आप्पा म्हणाले आणि माग सुरू करायला पळाले.

त्या घाईगर्दीत एक गोष्ट आम्ही सगळेच विसरलो. अण्णा, आप्पा, मी आणि आक्काही. अगदी सगळे.

मी वायरी गोळा करत होते तेव्हा खालून आप्पांची किंकाळी आली. माग थांबल्याचा आवाज आला, म्हणजे आवाज यायचा थांबला. आम्ही खाली गेलो. नव्या साडीच्या काठाला वीतभर नक्षी विणून झाली होती. मागं वळून बघणारे राघू, एकापाठोपाठ एक, सगळ्यांना जरीच्या झुबकेदार मिशा.

आक्का सगळ्यांत मागून आल्या, पण आप्पांना बाजूला सारून पुढे झाल्या. त्यांनी काठावरून बोट फिरवलं. आधी मानेवरून, मग मिशीवरून.

"उतरलं," त्या म्हणाल्या. मग मोठ्याने, त्या घराला शोभेल अशा आवाजात, "मी काढलेलं उतरलं गं!"

"आता ते काढ," अण्णा म्हणाले. "मिशा पूस आणि परत सेव्ह कर."

आक्का त्यांच्याकडे वळल्या. "साडी मागावर चढल्या, अण्णा."

"वीतभरच झालंय की गं."

"वीतभर झालं तरी चढलीच की. आता ती उतरेपर्यंत काही मिटायचं न्हाय, मिशीसुद्धा. आईनं काय सांगितलतं?"

अण्णांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी छताकडे. अण्णा स्वतः जाऊन कॉम्प्युटरवर बसले, मिशीवर माऊस नेला, आणि पाटी आली, फक्त वाचता येईल. कडी आतून लागलेली होती, आणि आतलं माणूस हाताची घडी घालून त्यांच्या मागे उभं होतं.

ती अख्खी साडी तशीच विणली गेली.

पुढे कधीतरी मी पुन्हा त्या घरी गेले. कामासाठीच, पेटीच्या गळ्यात परत माळ होती आणि पंखा परत गुदमरला होता. सुरतेच्या नक्ष्यांचं नाव त्या घरात परत निघालं नव्हतं. उलट आता काहीही बिघडलं की दोष पेटीला जायचा. मांजर दूध प्यायलं तरी अण्णा म्हणायचे, बघा, सेटिंग हललं असेल. आक्का मिशीवाल्या राघूची साडी नेसून खुर्चीत बसल्या होत्या. घरात नेसायला काढल्या म्हणाल्या. नुसत्या काठाकडे बघितलं तर लांबून काही कळत नाही. जवळून बघितलं तर राघूंची सगळी रांग मागं वळून मिशीत हसत होती.

त्यांनी चहा केला. आम्हा तिघांना कप दिले, स्वतःचा समोर ठेवला आणि पदराला हात पुसत शेजारी बसल्या. मी घोट घेतला आणि थांबले. साखर कमी नव्हती. साखर नव्हतीच.

मी अण्णांकडे बघितलं. त्यांना चमचा उभा राहील एवढी साखर लागते. त्यांनीही घोट घेतला होता. आप्पांनी कप खाली ठेवून तोंड उघडलं, तशी अण्णांनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की तोंड मिटलं.

"साखर बरोबर हाय न्हवं?" आक्कांनी विचारलं.

"झकास," अण्णा म्हणाले आणि भुरके मारत प्यायला लागले.

मग आक्कांनी स्वतःचा कप तोंडाला लावला. त्यांचा चेहरा क्षणात उतरला. मी तो चेहरा ओळखत होते, गल्लीतलं एखादं घर चुकल्यावर तसा होत असणार. साखर घालायची राहणं कुणाच्याही हातून होतं, माझ्या आईच्या हातून आठवड्यातून एकदा होतं. पण हे तसलंच साधं राहणं होतं की दुसरं काही, हे मला सांगता येणार नव्हतं. ते बघायला माझ्याकडे काही सेटिंग नाही.

"साखर ऱ्हायली की रं," आक्का म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "आणि ह्यो मात्र पेटीचा दोष न्हाय."

अण्णांनी उरलेला चहा एका दमात संपवला, मिशी पुसली, आणि रिकामा कप बहिणीपुढे धरला.

"आणखी घाल," ते म्हणाले. "असाच."